शास्त्रज्ञांच्या हाती नारळ

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा लेखी मजकूर)





समितीने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. विषय समुद्राएवढा आहे. म्हणून आम्ही त्यातली एक ओंजळ घेतली आहे. बायोटेक उद्योगातल्या शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या जातात, त्या का जातात आणि त्यातून आपण काय शिकायचे, एवढेच आज सांगणार आहोत.

विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मिल कामगाराने शास्त्रज्ञांच्या नोकरीवर काय बोलावे? त्यांचे शिक्षण किती आणि आमचे किती! पण धम्मबांधवांनो, नोकरी जाणे या विषयात आमचे शिक्षण पुरेसे झालेले आहे. बदलीचा पास घेऊन फाटकावर उभे राहण्यापासून भोंगा कायमचा बंद पडेपर्यंतचे सगळे धडे आम्ही गिरवले. बाकीचे वाचून मिळवले. त्या बळावरच हे बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

आपल्या वस्तीत आता घरोघरी सायन्स शिकणारी मुले-मुली आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉक्टरकीचा नंबर हुकला की पुष्कळांची पहिली धाव बायोटेक्नॉलॉजीकडे असते. बी.एस्सी., मग एम.एस्सी., एखादा पुढे पीएच.डी. त्यासाठी आईच्या गळ्यातलं गहाण पडते, बापाच्या फंडाचा पैसा जातो. असाच एका घरातला मुलगा अमेरिकेत बोस्टनकडे संशोधक म्हणून लागला. त्याच्या घरच्यांनी या विहारात पेढे वाटले, आपण सर्वांनी खाल्ले. पुढे त्याची नोकरी गेली. तेव्हापासून त्याची आई तीन पौर्णिमा विहारात आली नाही. आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया काय बोलत होत्या? "काहीतरी केलं असन पोट्ट्यानं, उगाच कोणी काढते का?"

हे वाक्य आमच्या कानावर पडले त्याच दिवशी हा विषय ठरला. कारण मिल बंद पडली तेव्हा हेच वाक्य आमच्याबद्दल बोलले गेले होते. कामगार आळशी, कामगार दारू पितो, कामगार संप करतो, म्हणून मिल बंद पडली! मिलच्या जमिनीचा भाव किती झाला, नवी यंत्रे का आली नाहीत, नफ्याचा पैसा कुठे गेला, हे कोणी विचारले नाही.

तथागतांनी दुःखाकडे वैद्याच्या नजरेने पाहायला शिकवले. दुःख आहे का? त्याचे कारण काय? ते थांबू शकते का? आणि थांबवण्याचा मार्ग कोणता? आपणही आज याच क्रमाने जाऊ.

आधी बायोटेक म्हणजे काय ते साध्या भाषेत समजून घेऊ. साखरेच्या आजारात इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. पूर्वी हे इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वॅन्सन हे गुंतवणुकीच्या धंद्यातले गृहस्थ यांनी मिळून जेनेन्टेक नावाची कंपनी काढली. माणसाच्या शरीरात इन्सुलिन कसे बनवायचे याची कृती ज्या जनुकात असते, ते जनुक त्यांनी एका जिवाणूत बसवले आणि त्या जिवाणूकडून माणसाचे इन्सुलिन बनवून घेतले. १९७८ साली प्रयोग साधला. ऑक्टोबर १९८२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत सरकारी मंजुरी मिळाली. सजीव पेशीलाच कारखाना बनवायचे, असा हा उद्योग आहे.

१९८२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. इकडे जुना उद्योग मोडायला लागला आणि तिकडे नवा उभा राहिला. त्यानंतर आम्हा कामगारांना सर्वांनी एकच सल्ला दिला. हाताचं काम जाईल, डोक्याचं काम राहील. पोरांना विज्ञान शिकवा, म्हणजे त्यांच्यावर तुमची पाळी येणार नाही. सल्ला देणारे वाईट नव्हते. पण सल्ला अर्धाच खरा होता.

आता दुःख पाहू. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गोळ्यांच्या डबीत कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन नावाची गोळी आहे. ही गोळी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावच्या प्रयोगशाळेत शोधली गेली. लिपिटॉर या नावाने ती विकली गेली आणि आपल्या काळातले जगात सर्वांत जास्त खपाचे औषध ठरली. २००० साली फायझर कंपनीने ती मूळ कंपनीच विकत घेतली. आणि जानेवारी २००७ मध्ये फायझरने ॲन आर्बरची प्रयोगशाळा बंद करण्याचे जाहीर केले. तिथे सुमारे २,१०० माणसे कामाला होती. ज्या जागेने कंपनीला अब्जावधी डॉलर मिळवून दिले, त्या जागेलाच कुलूप लागले. पुढे ती जागा मिशिगन विद्यापीठाने विकत घेतली.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या देशातले ऐका. बंगळुरूला ॲस्ट्राझेनेका कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे क्षयरोग आणि मलेरियावर काम चालायचे. म्हणजे गरिबांच्या आजारांवर. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने ते केंद्र बंद करण्याचे जाहीर केले. १६८ जणांच्या नोकऱ्या गेल्या. क्षयरोग देशातून गेला होता काय? मलेरिया संपला होता काय? नाही. आजार होता, शास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळा होती. फक्त कंपनीने आपले लक्ष दुसऱ्या आजारांकडे वळवले होते.

आणि नंतर आली मोठी लाट. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, बायोटेक कंपन्यांकडे पैशाचा पूर आला. नव्या नव्या कंपन्या निघाल्या, भराभर भरती झाली. २०२२ पासून तो पूर ओसरला. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी शंभराहून अधिक कंपन्यांनी माणसे कमी केल्याचे जाहीर केले. ज्यांना काढले ते पीएच.डी. झालेले, पंधरा-वीस वर्षे अनुभवाचे लोक होते. आपल्याकडे काम सुटले की म्हणतात, हातात नारळ दिला. तिथे नारळ नसतो, ई-मेल असतो.

आता एक कंपनी जरा बारकाईने पाहू, कारण तिचा आपल्या घराशी संबंध आहे. तो संबंध आहे सिकलसेलचा.

सिकलसेल हा शब्द विदर्भात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मूल रात्रभर हाडं दुखतात म्हणून रडते. आईबापाला रात्र पुरत नाही. ज्यांच्या घरात एसएस पॅटर्नचा रुग्ण आहे, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे!

बोस्टनजवळ ब्लूबर्ड बायो नावाची कंपनी याच आजारावर काम करीत होती. तिची सुरुवात १९९२ सालची, दुसऱ्या नावाने. कल्पना अशी की रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत चांगले जनुक बसवायचे, आणि त्या पेशी रुग्णाला परत द्यायच्या. मग शरीर स्वतःच चांगले रक्त बनवू लागते. उपचार जोखमीचा आहे. आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका असल्याचा इशारा त्या औषधावर छापलेला आहे. तरीसुद्धा, जन्मभराच्या आजारावर एकदाच करायचा उपचार हे केवढे मोठे काम आहे ते तुम्हीच ठरवा. ८ डिसेंबर २०२३ रोजी लिफजेनिया या नावाने त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच दिवशी दुसऱ्या कंपन्यांच्या कॅसजेवी या सिकलसेलवरच्याच उपचारालाही मंजुरी मिळाली. तो दिवस सिकलसेलच्या इतिहासात मोठा आहे.

आता पुढे ऐका. मंजुरी मिळाली त्याच दिवशी शेअर बाजारात ब्लूबर्डचा भाव कोसळला! का? कंपनीला मंजुरीबरोबर सरकारकडून एक सवलतीचे प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती. ते विकून सुमारे दहा कोटी डॉलर उभे राहिले असते. ते मिळाले नाही. शिवाय औषधाची किंमत ठेवली होती ३१ लाख डॉलर, म्हणजे एका रुग्णामागे पंचवीस कोटी रुपयांहून अधिक. या किमतीत गिऱ्हाईक किती आणि कधी येणार, याचा बाजाराला भरवसा नव्हता.

या कंपनीने एप्रिल २०२२ मध्येच ३० टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे सिकलसेलच्या औषधाला मंजुरी मिळून वर्ष व्हायच्या आत, आणखी २५ टक्के कपात जाहीर झाली. तोपर्यंत या कंपनीच्या तीन उपचारांना मंजुरी मिळालेली होती. एकेकाळी शेअर बाजारात तिची किंमत १,००० कोटी डॉलरच्या वर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती दोन गुंतवणूक कंपन्यांना विकण्याचा करार जाहीर झाला, सुरुवातीला सुमारे ३ कोटी डॉलर देण्याच्या बोलीवर. त्याच वर्षी जूनमध्ये सौदा पुरा झाला.

जरा हिशेब करा. एका रुग्णाचे औषध ३१ लाख डॉलरचे. म्हणजे दहा रुग्णांच्या औषधाला जेवढा पैसा लागतो, जवळजवळ तेवढ्यात आख्ख्या कंपनीचा सौदा ठरला. औषध पुढेही चालू राहिले, हे सांगितले पाहिजे. पण ज्यांनी आयुष्याची वर्षे त्यात घातली त्यातले कित्येक जण तोपर्यंत घरी बसले होते.

बायांनो, आता ओट्यावरचा तो प्रश्न परत विचारा. यांनी काय केलं होतं म्हणून यांना काढलं? यांनी सिकलसेलचं औषध केलं होतं!

आता कारण पाहू. तथागत सांगतात, कोणतीही गोष्ट आपोआप घडत नाही. हे आहे म्हणून ते होते. मग शास्त्रज्ञाची नोकरी कशामुळे होते आणि कशामुळे जाते?

मिलमध्ये कापड तयार झाले की विकले जायचे, त्यातून पगार निघायचा. बायोटेक कंपनीत असे नसते. एक औषध तयार व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ पुढे बादच होतात. या सगळ्या काळात कंपनीकडे विकायला काहीच नसते. मग शास्त्रज्ञाचा पगार कुठून येतो? तो गुंतवणूकदाराच्या खिशातून येतो. आपल्या भिशीत आपण ओळखीच्या माणसाला पैसे देतो आणि महिन्याचा हिशेब असतो. हा गुंतवणूकदार दहा कंपन्यांवर डाव लावतो, नऊ बुडाल्या तरी दहावी शंभरपट देईल या आशेवर.

आता हा गुंतवणूकदार कधी उदार होतो? बँकेत व्याज मिळत नाही तेव्हा. मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेने, ज्याला तिथे फेडरल रिझर्व्ह म्हणतात, व्याजाचा दर जवळजवळ शून्यावर ठेवला होता. पैसा पडून राहिला तर वाढत नव्हता, म्हणून तो जोखमीच्या धंद्यात धावला. मग महागाई वाढली आणि जुलै २०२३ पर्यंत तोच दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. घरबसल्या पाच टक्के मिळत असताना दहा वर्षे कोण थांबतो? पैसा मागे फिरला. आणि प्रयोगशाळेत ज्याचा प्रयोग नीट चालला होता, ज्याची काहीच चूक नव्हती, त्याच्या टेबलावर कागद आला.

हे एक कारण. दुसरे कारण कंपन्यांची खरेदी-विक्री. मोठी कंपनी लहान कंपनी विकत घेते ती तिच्या औषधासाठी, माणसांसाठी नव्हे. औषध ठेवते, माणसे गाळते. तिसरे कारण पेटंट. औषधावरची मक्तेदारी संपली की दुसरे कारखाने तेच औषध स्वस्तात विकू लागतात. गरिबाला ते चांगलेच आहे. पण ती तारीख जवळ आली की कंपनी खर्च कापायला लागते, आणि उद्या फळ देणारे संशोधन आज खर्च म्हणूनच वहीत मांडलेले असते.

या तिन्ही कारणांत शास्त्रज्ञाची हुशारी, मेहनत, इमान यांचा कुठे संबंध आला? आला नाही. ज्ञान त्याचे, पण प्रयोगशाळा त्याची नाही, पैसा त्याचा नाही आणि निर्णय तर त्याचा नाहीच. ज्याला आपली मेहनत विकून जगावे लागते तो कामगार. मग त्याच्या अंगावर कापसाची धूळ असो की पांढरा कोट असो.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्या शत्रूवर पुष्कळ बोलतो, आणि बोललेच पाहिजे. दुसऱ्यावर बोलायला मात्र संकोचतो, विशेषतः मुलगा मोठ्या पगारावर लागला की.

दोन्ही शत्रू एकत्र कसे काम करतात, हे मिलच्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या थुंकीने धागा बाटेल अशी इतर कामगारांना भीती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. खात्याचा दरवाजा उघडणे ही पहिली लढाई होती. आत टिकून राहणे ही दुसरी. आज आपली मुले प्रयोगशाळेचा दरवाजा ओलांडून आत गेली आहेत. त्यांची दुसरी लढाई आता सुरू झाली आहे.

आणि ती आपल्या मुलांना जास्त जड जाते. काढले दोघांनाही, पण एकाच्या पाठीशी बापाचा बंगला आहे, काका कंपनीत आहे, तो वर्षभर थांबू शकतो. आपल्याच्या पाठीशी बँकेचा हप्ता आहे. परदेशात तर आणखी एक तलवार असते. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधावी लागते, नाही तर देश सोडायची तयारी करावी लागते. दवाखान्याचा विमासुद्धा बहुतेकांचा नोकरीशीच बांधलेला. आता सांगा, अशा मुलाला फोनवर काय बोलायचे? "लोक काय म्हणतील" हे बोलायचे?

हे दुःख थांबू शकते का? पुरते थांबेल असे आम्ही म्हणणार नाही. पण कमी होऊ शकते. त्यासाठी आम्हाला जे मार्ग दिसतात ते मांडतो.

पहिला मार्ग सम्यक वाचेचा. नोकरी गेलेल्या मुलाला आणि त्याच्या आईबापाला दोष देणे आजपासून बंद. पंचशील रोज म्हणतो, त्यात खोटे न बोलण्याचे शील आहे. माहिती नसताना "त्यानं काहीतरी केलं असन" हे बोलणे त्या शीलाचा भंग आहे. ज्या घरात नोकरी गेली त्या घरी आपण दुःखात जातो तसे जायचे. चहा प्यायचा, बोलायचे. मुलाचा जीव सांभाळायचा. नोकरी दुसरी मिळते.

दुसरा मार्ग, शिक्षण थांबवायचे नाही. आमच्या बोलण्याचा कोणी असा अर्थ काढू नये की विज्ञानात राम नाही, पोरांना दुसरीकडे घाला. शिकलेला माणूस पडला तरी उठायला त्याच्याजवळ काठी असते. मात्र डोळे उघडे ठेवून शिका. कॉलेजात पैसे भरण्याआधी विचारा की मागल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेले विद्यार्थी कुठे कामाला आहेत? प्रयोगशाळेतली यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाताला लागतात की काचेआड असतात? बायोटेकबरोबर संख्याशास्त्र शिका, संगणक शिका, चांगले लिहायला शिका. औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी असते, सरकारी परवानगीची कागदपत्रे असतात, चाचण्यांचे काम असते. ही कामेही मानाची आहेत. आणि नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने मोटारसायकल घेऊ नका. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा पैसा आधी बाजूला ठेवा. हे आम्ही मिलच्या फाटकावर शिकलेलो आहोत.

तिसरा मार्ग संघटनेचा. युनियन फक्त मिलवाल्याची असते, असा आपल्या शिकलेल्या मुलांचा समज आहे. आता ऐका. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुमारे ४८ हजार लोकांनी संप केला. त्यात पीएच.डी. करणारे होते, पीएच.डी. झालेले संशोधक होते. त्यांची युनियन कोणती? युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे मोटार कारखान्यातल्या कामगारांची युनियन! पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिका सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या तरुण संशोधकांनीही मतदान करून त्याच युनियनचा झेंडा घेतला. मोटार जोडणारा आणि पेशी जोडणारा एका झेंड्याखाली आले. खासगी बायोटेक कंपन्यांत अजून अशी संघटना विरळच आहे, पण वाट पडली आहे. तिथे १९८८ चा एक कायदाही आहे. मोठ्या कंपनीने एकदम पुष्कळ माणसे काढायची तर ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. असे कायदे मालकाच्या दयेने होत नाहीत. आपल्याकडेसुद्धा बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांच्या पदरात काय काय पडले ते मुलांना वाचून दाखवा.

एवढे होईपर्यंत निदान कागद जपा. नेमणूकपत्र नीट वाचा. नोटीस किती दिवसांची, भरपाई किती, दुसरीकडे नोकरी करायला बंदी घातली आहे का, हे सहीआधी पाहायचे असते. पगाराच्या पावत्या, फंडाचा नंबर, बढतीचे पत्र हे सगळे घरी एका फाईलमध्ये ठेवा. मिल बंद झाल्यावर ज्यांच्याकडे कागद होते त्यांचा हिशेब लवकर झाला. ज्यांच्याकडे नव्हते ते वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले, काही तर त्यातच गेले.

चौथा मार्ग म्हणजे सरकारी संशोधन वाचवणे. जे औषध बाजाराला परवडत नाही ते समाजाला लागतच असते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिकलसेलवर जनुक दुरुस्तीचा उपचार विकसित केला आहे. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला बिरसा १०१ म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली, आणि पुढच्या कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करार झाला. तो रुग्णापर्यंत किती पैशात पोहोचतो यावर आपण नजर ठेवली पाहिजे. पण सरकारी म्हणजे कायमचे, असेही समजू नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने १० हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात औषधांना मंजुरी देणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या संस्थांची माणसे होती. म्हणजे तिथेही लोकांनी जागे राहावेच लागते. मत मागायला येणाऱ्याला रस्ता, नाली, समाजमंदिर एवढेच आपण विचारतो. सिकलसेलच्या संशोधनाला किती पैसा ठेवला, हेही एकदा विचारून पाहा. त्याची तारांबळ उडेल!

आणि शेवटी एक काम, जे करायला ना शास्त्रज्ञाची नोकरी लागते ना कंपनीचा शेअर. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे सरकारी अभियान चालू झाले आहे. त्यात आजाराचा प्रादुर्भाव असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी करायचे ठरले. सोयरीक जुळवताना पत्रिका आपण सोडली, फार चांगले केले. आता तिच्या जागी सिकलसेलचा कार्ड बघा. दोघेही वाहक, म्हणजे एएस असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची असते. आणि घरात रुग्ण असेल तर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित द्या. पंचवीस कोटींचे औषध येईल तेव्हा येईल. ही गोळी आज आहे आणि गरिबाच्या आवाक्यातली आहे.

विहार समितीला आमची एक विनंती आहे. दर महिन्याच्या एका रविवारी वाचनालयात दोन तास ठेवावेत. वस्तीतली जी मुले-मुली कामाला लागली आहेत त्यांनी यावे, शिकणाऱ्यांना मार्ग दाखवावा, नेमणूकपत्रे वाचून द्यावीत. आणि ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी तर अवश्य यावे. त्यांनी मागे बसायचे नाही, पुढे बसून शिकवायचे. ज्याने प्रयोगशाळेत दहा वर्षे काढली त्याच्याएवढा चांगला विज्ञानाचा मास्तर आपल्या मुलांना कुठे मिळणार? कंपनीने त्याचा पगार बंद केला, त्याचे ज्ञान काही काढून घेतले नाही. ते आपल्या कामी येऊ द्या.

आमचे बोलणे लांबले. 

नमो बुद्धाय! जय भीम!